पिवळी रोज, पांढरी रविवारी

१३ ऑगस्ट, बुधवार

चहाचा पहिला घोट घेतला आणि किंचाळले. स्वतःच्याच आवाजाने दचकले. करिष्मा ब्रश तोंडात तसाच धरून धावत आली — "मम्मी, काय झालं?" सांगायला गेले तर जीभ दातांना लागली आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी.

आरशात बघितलं. जिभेच्या कडेला दोन, खालच्या ओठाच्या आत एक. पांढरे, मधे खड्डा.

सहा वर्षं झाली या सांधेवाताला. सकाळी बोटं उघडत नाहीत, माहितीय. रविवारची गोळी घेतली की सोमवार माझा नसतो — मळमळ, डोकं जड, सेठला फोन की आज येत नाही — तेही माहितीय. सोमवार मी आयुष्यातून काढूनच टाकलाय. पण आज बुधवार! बुधवारी हे काय?

दुकानात दिवसभर गप्प. सेठ म्हणाला, "नूतन, मुंह खोल के बात करो ना, कस्टमर को लगता है तुम नाराज हो." लग्नाचे दुपट्टे विकायचे आणि तोंड मिटून! आमच्या कॅम्प दोनच्या कापडबाजाराच्या गल्लीत मुका माणूस एक रुमाल विकू शकणार नाही.

जेवण झाल्यावर आईंनी गोळी हातावर ठेवली. आई म्हणजे माझ्या नवऱ्याची, कमलेशची आई, पण माझी गेल्यापासून मला हीच एक. जूनपासून माझ्या अंगठ्यात पट्टीतून गोळी दाबून काढायचीही ताकद राहिली नाही, तेव्हापासून हे काम त्यांनी घेतलंय. वाचता येत नाही त्यांना. मीच शिकवलं — आई, पिवळी रोज, पांढरी फक्त रविवारी, त्या दिवशी पिवळी नाही. पांढरी म्हणजे खरी, जोरकस. पिवळी तिचा त्रास कमी व्हावा म्हणून, व्हिटॅमिनसारखी. एकदाही चुकल्या नाहीत. "घे गो बाय," म्हणतात आणि मी पाणी पिऊन होईपर्यंत समोरून हलत नाहीत.

१४ ऑगस्ट, गुरुवार

सात झाले. करिष्माने मोजले.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

कमलेशने कंपनीतलं झेंडावंदन करून येताना आइस्क्रीम आणलं — गार वाटेल म्हणून. एक चमचा घेतला. जिभेवर कुणी मीठ चोळावं तसं! वाटी सरकवली. त्याचा चेहरा उतरला.

अंबरनाथला मीनल मॅडमच्या दवाखान्यात फोन लावला. माझं सांध्यांचं त्याच बघतात. उचलणारी म्हणाली, मॅडम बाहेरगावी, मंगळवारी येतील. म्हटलं, तोंड आलंय खूप. "या गोळ्यांनी येतं ताई. ग्लिसरीन लावा."

कमलेशपण तेच — "औषध म्हटल्यावर त्रास होणारच ना. सहा वर्षं काढलीस, आताच काय घाबरते?"

खरंय. सहन करणं ही तर माझी खासियत! सगळ्या नातेवाइकांत कौतुक — नूतनचं बघा, कधी तक्रार नाही. ते कौतुक ऐकून ऐकून मला आता दुखतंय म्हणायचीच लाज वाटते.

१६ ऑगस्ट, शनिवार

दहीहंडी. आमच्या शिरगावात सकाळपासून डीजे. खिडकीच्या काचा थरथरतायत आणि त्याबरोबर माझे दात.

पेज प्यायले. पूर्ण थंड करून, चमच्याने, जीभ चुकवून घशात ओतली. गिळताना दोन्ही हातांनी टेबल धरलं. आई समोर बसून बघत होत्या. ही आमची बिल्डिंग जिथे उभी आहे ना, तिथे त्यांचंच भातशेत होतं. म्हणाल्या, "लावनीला पायांना चिखल्या पराच्या. रगत याचा. तरी उभी ऱ्हायची मी. तू पन उभी ऱ्हा." मायेनेच म्हणाल्या. मी मान हलवली.

कोपरावर आणि मांडीवर लाल चट्टे. हे नवीन आहे. कुणाला दाखवलं नाही.

१७ ऑगस्ट, रविवार

पांढरी घेतली. मळमळ वाढली नाही. रोजच एवढी आहे, की वाढली तरी कळत नसेल.

१८ ऑगस्ट, सोमवार

नाकात कापूस आहे. पण लिहिते.

सोमवार असून दुकानात गेले. खाडे तरी किती करायचे? बारा वाजता एक नवरीमुलगी आली, आईला घेऊन. क्रीम रंगाचा दुपट्टा काढला, जरदोजीचा, आमच्याकडचा सगळ्यात भारी. काउंटरवर पसरला. आणि त्यावर टप्पकन लाल. मला वाटलं, कुंकू कुठून सांडलं? परत टप्. मुलीची आई मागे सरकली — "अरे बापरे!" तेव्हा कळलं. माझ्या नाकातून.

पदर नाकाला लावला तर थांबेना. हिरड्यांतूनही येत होतं. तोंडभर लोखंडाची चव.

सेठ आतून आला. वाटलं, आता दुपट्ट्याचं बोलणार. तो दुपट्ट्याकडे बघतच नव्हता. "बेटा, ये क्या हालत बना ली है?" सात वर्षांत पहिल्यांदा बेटा म्हणाला. थेट शिरगावपर्यंत रिक्षा करून दिली.

अंग तापलंय. गोळी कशीबशी गिळली. आई म्हणाल्या, "शाब्बास."

१९ ऑगस्ट, मंगळवार

ताप १०३. अंबरनाथ. ॲडमिट केलं. पेन धरवत नाही.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

करिष्माने डायरी आणून दिली. उघडली नाही म्हणते. आज लिहिलं नाही तर डोकं फुटेल माझं.

मंगळवारी दुपारी मीनल मॅडम आल्या. मास्क खाली करायला लावला, तोंड बघितलं. मग म्हणाल्या, "गोळ्या आणल्यात घरून?" कमलेशने पिशवी पुढे केली. त्यांनी एक पट्टी काढून माझ्यासमोर धरली. "ही कधी घेता?"

"रोज," मी म्हटलं. ओठ हलत नव्हते नीट.

"रोज?"

"पिवळी रोज. पांढरी रविवारी."

मॅडम तिथल्या स्टुलावर बसल्याच. "नूतन, ही पिवळी आठवड्याची गोळी आहे. या वेळी दोन्ही गोळ्यांची कंपनी बदललीय. या कंपनीची मेथोट्रेक्सेट पिवळी येते. आणि पांढरी आहे ना, ती तुमची रोजची फॉलिकची, साधी व्हिटॅमिनची."

मला आधी शब्दच कळले नाहीत. नुसती पिवळी-पांढरी, पिवळी-पांढरी. त्यांनी पट्टीवरच्या रिकाम्या घरांवर बोट ठेवून मोजलं. आठ. आठ आठवड्यांच्या गोळ्या. दोन महिन्यांचं औषध मी दहा दिवसांत खाल्लं!

सोसत होते ते औषध नव्हतंच. विष होतं. आणि मी टेबल धरून गिळत होते. उभी ऱ्हा म्हणून उभी राहत होते!

मॅडम चिडल्या. "रंग बघून घेत होतात? नाव नाही वाचलं? कोण काढून देतं गोळ्या?"

आई दारात उभ्या होत्या. हातात थर्मास, तोंड थोडं उघडं. त्या नुकत्याच आल्या होत्या, आमचं मास्कमागचं बोलणं त्यांना धड ऐकू येत नव्हतं, पण कुणीतरी रागावतंय एवढं कळत होतं, आणि कुणावर ते शोधत होत्या.

कमलेश म्हणायला लागला, "आई देते —" मी त्याचा हात दाबला. माझ्या बोटांत कसली ताकद? पण कळलं त्याला.

"मीच घेते," मी म्हटलं. "चूक माझी."

आणि ते खोटं तरी कुठे आहे? बारावी शिकलेली मी. मेडिकलमधून मीच आणल्या. पट्टीवर नाव छापलेलं आहे. शेजारी लाल चौकटीत इशारा छापलेला आहे. एकदा तरी डोळ्यांसमोर धरली मी? आईंच्या तळहातावरून प्रसादासारखी उचलली आणि तोंडात टाकली.

पांढऱ्या पेशी नऊशे. चार हजारांच्या वर लागतात. मॅडम म्हणाल्या, आत्ता साधी सर्दीसुद्धा झेपणार नाही. दर सहा तासांनी इंजेक्शन, त्या गोळीचा उतारा म्हणून. "उरलेल्या असतील त्या सगळ्या टाकून द्या," म्हणाल्या. कमलेश म्हणाला, "हीच पट्टी होती मॅडम." तिच्यातल्या शेवटच्या दोन मॅडमनी स्वतः फेकल्या.

२३ ऑगस्ट, शनिवार

भांडलो. हॉस्पिटलात, मास्क लावून, हळू आवाजात भांडलो.

कमलेश म्हणतो, आईला सांगायला पाहिजे. "उद्या परत काही झालं तर?"

"परत कसं होईल? आता करिष्मा काढून देईल."

"मग आईला काय सांगू?"

"इन्फेक्शन झालंय म्हणून सांग."

"खोटं बोलू?"

"अण्णांच्या वेळचं विसरलास?"

अण्णा — माझे सासरे, अनंता पाटील — अटॅकने गेले, त्या दुपारी आईंनी त्यांना कोळंबीचं कालवण वाढलं होतं. डॉक्टरांनी दहादा सांगितलं, कालवणाचा काही संबंध नाही. अकरा वर्षं झाली. आईंनी कोळंबीला हात लावलेला नाही. घरात शिजवू देत नाहीत. बाजारात कोळंबीवाली दिसली तर रस्ता बदलतात. आणि आता हे सांगायचं त्यांना? की तुमच्या हाताने —

नाही. मी मरेन पण सांगणार नाही, म्हटलं. कमलेश म्हणाला, "मरायचं बोलू नको इथे." आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

२४ ऑगस्ट, रविवार

आठशे पन्नास. उतरल्या! इंजेक्शनं चालू असून उतरल्या!

२५ ऑगस्ट, सोमवार

आई आल्या. आत यायला मास्क, हाताला सॅनिटायझर. पेज आणलेली, नर्सने आत येऊ दिली नाही. थर्मास मांडीवर घेऊन बसल्या.

"इन्फेक्शन म्हंजी काय गो? मना सांग. घरात घान ऱ्हाली का काय?"

"नाही आई. हवेतनं होतं."

"मी भांडी दोनदा धुते."

"माहितीय मला. तुमच्याइतकं कोण करतं माझं?"

माझ्या डोक्यावरून हात फिरवला. हात मागे घेतला तर मुठीत केस. एवढे! त्यांनी पटकन मूठ मिटली, खिडकीबाहेर बघत बघत ते केस पदराच्या टोकाला बांधले. मला दिसलं नाही असं त्यांना वाटलं. मीही दिसलं नाही असंच दाखवलं. त्या मला सांगत नाहीत, मी त्यांना सांगत नाही. काय चाललंय हे?

गेल्यावर उशी बघितली. मग परत बघितली नाही.

२७ ऑगस्ट, बुधवार

गणपती बसले. माझ्याशिवाय!

करिष्माने व्हिडिओ कॉल लावला. आरतीत कमलेश चुकत होता, नेहमीसारखा. आईंनी एकटीने एकवीस मोदक केले. दिवसभर बिल्डिंगमधले लोक, माहेरचे, गावचे. आई उठतायत, बसतायत, पाणी देतायत, चहा देतायत. मी ओरडले, आई बसा जरा! आवाज गेलाच नाही तिकडे.

पांढऱ्या पेशी एकवीसशे. मॅडम पहिल्यांदा हसल्या. कोमट चहा अर्धा कप प्यायले. झोंबला. पण प्यायले.

२८ ऑगस्ट, गुरुवार

"घरी सगळ्यांना समजावून सांगितलंत ना, काय झालं होतं ते?" मीनल मॅडमनी विचारलं.

"हो."

किती पटकन आलं तोंडातून!

३० ऑगस्ट, शनिवार

घरी आले. दारात आईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला. गणपतीसमोर बसले आणि रडू आलं ते थांबेना. करिष्मा म्हणाली, "मम्मी, मास्क ओला होतोय." मग हसू आलं.

सेठचा फोन. "जब तक हाथ-मुंह ठीक नहीं होता, आना मत." दुपट्ट्याचं मी काढलं. म्हणाला, "वो तो धुल गया." जरदोजी कुठे धुता येते? सात वर्षं विकतेय मी!

३१ ऑगस्ट, रविवार

गोळी बंद, म्हणून सांधेदुखी मोकाट सुटलीय. सकाळी दाराची कडी निघाली नाही. मनगटं सुजून पाव झालेत. ब्लाउजचे हूक करिष्माने लावले. पंधरा वर्षांच्या मुलीने!

मॅडम म्हणाल्यात, महिनाभर काहीच देता येणार नाही. मग दुसरं औषध, नाहीतर हेच परत, अगदी कमी डोस. हेच परत! आणि ऐकून मला काय वाटलं असेल? भीती नाही. वाटलं, महिना कधी संपतोय. जिने मारायला घेतलं तिचीच वाट बघतेय मी. सहा वर्षांत हा आजार माणसाला कुठे आणून ठेवतो!

आज कमलेशने परत विषय काढला. "आता घरी आलीस. आता सांगू आईला." म्हटलं, गणपती जाऊ देत. सणात नको.

१ सप्टेंबर, सोमवार

गौरी जेवल्या. आमच्याकडे गौरीला तिखटाचा नैवेद्य. मटणाचा वास घरभर. आईंनी माझ्यासाठी बिनमिरचीचा रस्सा वेगळा काढलेला. भातावर घेतला, डोळे मिटले, घास तोंडात ठेवला —

दुखलं नाही! गिळला. दुखलं नाही! सगळे माझ्याकडे बघत होते. दुसरा घास घेतला तेव्हा कमलेशने ताटावरून मान वर केली आणि परत खाली घातली. डोळे पुसले असतील.

आई आमच्याबरोबर बसल्या नाहीत. मागून घेते म्हणाल्या. मग म्हणाल्या, भूक मेली कामाने. जाऊन पडल्या. अडुसष्ट वर्षांचं शरीर, किती ओढणार? उद्या विसर्जन झालं की चार दिवस त्यांना उठू देणार नाही.

२ सप्टेंबर, मंगळवार

गौरी-गणपती गेले. घर एकदम मोठं वाटतंय.

४ सप्टेंबर, गुरुवार

काल सकाळी आई मोरीत पडल्या. उचलताना अंग भाजत होतं. तोंड उघडेनात. कमलेशने जबरदस्तीने उघडलं. जीभ दिसतच नव्हती, नुसतं पांढरं आणि रक्त.

त्यांच्या उशीखाली पट्टी. पिवळी. एकही गोळी शिल्लक नाही.

तीन महिन्यांच्या बारा गोळ्या हव्या होत्या, पट्टी कापून देत नाही म्हणून मेडिकलवाल्याने दोन पूर्ण पट्ट्या दिल्या होत्या. मीच आणल्या होत्या. दुसरीची आठवण मला एकदाही झाली नाही. एकदाही!

"गनपतीच्या तयारीपासून गुरघं लय दुखाचं," आई म्हणाल्या. "तुना गुन येतो ना तिचा. म्हनून रोज एक घेतली." लपवून का घेतली विचारलं, तर म्हणाल्या, तुझं औषध खाल्लं म्हणून तू रागावशील.

रिक्षात अंबरनाथपर्यंत त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. सगळं सांगितलं. पिवळी, पांढरी, आठ गोळ्या, इन्फेक्शन नव्हतं ते. चूक माझी होती, आणि गप्प बसले ती त्याहून मोठी. कमलेश पुढे बसला होता, त्याने मागे वळून पाहिलं नाही. आईंनी डोळे मिटलेले. ऐकलं की नाही कळेना.

फाटकाजवळ रिक्षा थांबली तेव्हा त्यांचे ओठ हलले. मी कान जवळ नेला.

"तुना पन असाच दुखला का गो?"